सर्व्हायव्हल मशेटी रिव्ह्यू: पात्याला १ स्टार, रिकॉलला ३, आणि घरात असेल तर आधी मुठीजवळ बघा

आधी कामाचं सांगतो, बाकीची बडबड नंतर. काळ्या पात्याची ती सर्व्हायव्हल मशेटी (म्हणजे रानात तोडायला वापरायचा लांब जाड कोयता), पाठीवर करवतीचे दात, म्यानाला चकमकीची कांडी आणि शिट्टी, मागच्या दिवाळीच्या सेलमध्ये ज्याच्या त्याच्या मोबाईलवर नाचत होती ती, तुमच्याकडे असेल तर आजपासून वापरू नका. कंपनीने स्वतःच परत बोलावलीय, म्हणजे रिकॉल केलीय. पातं जिथून मुठीत शिरतं तिथं तडा जातोय आणि जोरात घाव घातला तर पातं मुठीतून सुटून समोरच्याच्या अंगावर जाऊ शकतं. सगळ्या नाही, ठराविक बॅचच्या, पण बॅच नंबर पात्याच्या बुडाशी इतका बारीक कोरलाय की चष्मा लावून उन्हात धरल्याशिवाय दिसत नाही, आणि त्यावर केळीचा चीक बसला असेल तर मग विसराच. आधी घासलेट नाहीतर डिझेलच्या बोळ्याने पुसा मग बघा.

कंपनीचं नाव लिहीत नाही, ज्यांनी घेतलीय ते वर्णनावरून ओळखतील, आणि मला भांडण नकोय, मला फक्त एवढंच पाहिजे की आपल्याकडच्या माणसांना हे कळावं, कारण विकणाऱ्याने आपल्याला कळवलेलंच नाही, त्यावर खाली सविस्तर येतोच.

शेत जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला, केळी जास्त आणि थोडी कपाशी. घरात विळे, बख्ख्या, कुऱ्हाडी भरपूर पडल्यात, तरी ही मागवली कारण भाच्याने लिंक पाठवली, मामा बघा एकच हत्यार, तोडायला पण कापायला पण आणि खणायला पण. बांधावर बाभळी माजल्या होत्या, दर वेळी कुऱ्हाड आणि कोयता दोन्ही घेऊन जायचा कंटाळा येतो, म्हटलं बघू. साडेतीन हजाराच्या आसपास पडली. घरी आली तेव्हा वडील म्हणाले एवढ्यात लोहाराने पाच कोयते दिले असते आणि वरून चहा पाजला असता. ते बरोबरच होतं पण सेल म्हणजे सेल.

दिसायला एक नंबर, यात वाद नाही. पातं १३ इंची, जाडी ५ मिलिमीटरच्या आत-बाहेर, काळं खरखरीत कोटिंग, मुठीला रबर, घामाने हात सरकत नाही, आणि आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ला जातो तेव्हा घामाची मूठ हा काही छोटा मुद्दा नाही. म्यान जाड कापडाचं, पट्ट्यात अडकवता येतं. मुठीच्या पुढे पात्याला एक गोल भोक, त्यातून दोरी ओवून काठीला बांधा आणि भाला करा असं पुस्तिकेत चित्र दिलेलं. भाला कशाला करायचा ते काही लिहिलेलं नाही, रानडुकरावर जायचं असेल बहुतेक, आणि रानडुकरावर असल्या भाल्याने जाणाऱ्याला पुस्तिका वाचायला परत यायची गरज पडत नाही.

आता काम कसं केलं ते. केळीत अजिबात नाही. केळीचं पान उतरवायला, घडाचा दांडा छाटायला, पील (बुडाशी फुटणारे कोंब) काढायला पातळ आणि हलकं पातं लागतं, आपली बख्खी त्यासाठीच तशी असते, मनगटाच्या एका झटक्यात पान खाली. ही एवढी जाड की खोडात शिरते आणि अडकून बसते, ओढून काढावी लागते आणि तेवढ्यात चीक हातावर, शर्टावर, सगळीकडे, आणि तो चीक कपड्यावरून जन्मात जात नाही हे काय सांगायचं. कापणीवाली टोळी आली होती त्यांच्यातल्या एकाने हातात घेऊन दोन घड उतरवून पाहिले आणि गुपचूप माझ्या हातात परत दिली, काही बोलला नाही, आपली बख्खी काढली आणि कामाला लागला. रिव्ह्यू म्हणून तेवढं पुरे होतं खरं तर.

बाभळीवर मात्र मस्त. मनगटाएवढी फांदी तीन-चार घावांत खाली. वजन पुढच्या टोकाला असल्याने घाव आपोआप पडतो, हाताला जोर कमी लागतो. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी ठेवली तेव्हा वांगी भाजायला तुरीच्या आणि कपाशीच्या काड्या हिनेच तोडल्या, सगळ्या पाहुण्यांनी हातात घेऊन फोटो काढले, जाहिरातीतलं सर्व्हायव्हल आमच्याकडे तेवढंच झालं. पाठीवरचे करवतीचे दात नुसते शोभेला, ओलं लाकूड दोन सूत पण कापलं जात नाही, उलट त्या दातांमुळे पाठीवर हात ठेवून दाब देता येत नाही.

मध्येच एक गोष्ट सांगून ठेवतो कारण भाच्याच्या डोक्यात ही घेऊन उनपदेवच्या पुढे डोंगरात आणि तिकडून यावलच्या अभयारण्यात ट्रेकला जायचं होतं. असलं काही करू नका. १९७२च्या वन्यजीव कायद्यात कलम ३१ आहे, लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन शिरता येत नाही, आणि त्यातल्या हत्याराच्या व्याख्येत चाकूसुद्धा येतो. शस्त्रांच्या नियमात पण ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याचा चाकू जर घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेला नसेल तर तो हत्यारात धरतात. शेतातला कोयता शेतात आहे तोवर अवजार, पण काळ्या पात्याची, भाल्याचं चित्र छापलेली वस्तू मोटारसायकलला अडकवून नाक्यावरून नेली तर साहेबाला हे समजावत बसावं लागेल, आणि चोपड्याच्या भागात पोलिसांचे कान असल्या बाबतीत आधीच टवकारलेले असतात. विकणाऱ्याच्या पानावर यातलं एक अक्षर नव्हतं. विकताना जंगलाचा फोटो, माणूस दाढी वाढवलेला, आणि कायदा गायब.

तर मुद्द्यावर येतो. उन्हाळा लागायच्या सुमारास बाभूळ तोडताना मुठीतून बारीक खटक यायला लागली. घाव बसला की टण्ण असा आवाज यायचा तो आता ठक्क असा बसका यायला लागला. लोखंडाच्या वस्तूचा आवाज बदलला की हात थांबवायचा हे आमच्याकडे लहान पोराला पण शिकवतात, कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की कुऱ्हाड कुठं जाते ते सगळ्यांनी बघितलेलं असतं. आमचा सालदार समोरच फांद्या ओढत उभा होता, त्याला म्हटलं बाजूला हो जरा. तो म्हणाला दादा मी तर कधीचा बाजूलाच उभा राहतो, मले तिचा भरवसा नव्हताच.

घरी आणून बघितलं तर डोळ्याला काही दिसत नाही. कोटिंगचा हा मोठा दोष, काळा रंग सगळं झाकतो. मग गॅरेजवाले करतात तो प्रकार केला, तो सगळ्यांनी करून बघण्यासारखा आहे म्हणून नीट सांगतो. मुठीजवळचं कोटिंग पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडं केलं, त्यावर घासलेट लावलं (रेशनला आता मिळत नाही, जुन्या डब्यातलं होतं, डिझेल पण चालतं), चांगलं मुरू दिलं, मग कोरड्या फडक्याने अगदी कोरडं पुसलं आणि वरून शाळेच्या खडूची पूड चोळली. तडा असेल तर आत शिरलेलं घासलेट हळूहळू बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर ओली काळपट रेघ उमटते. इथं उमटली. मुठीच्या कोपऱ्यातून निघून थेट त्या दोरीच्या भोकाकडे गेलेली, केसाएवढी बारीक, निम्म्या रुंदीपर्यंत. कारखान्यात याच तत्त्वावर रंगीत औषध वापरून तपासणी करतात, आपलं खडू-घासलेट त्याचंच गावठी रूप. बायकोने ती रेघ बघितली आणि मशेटी उचलून माळ्यावर टाकली, म्हणाली आता हात लावायचा नाही.

तडा तिथंच का गेला, तर पात्याची रुंदी जिथं एकदम कमी होऊन मुठीत जायचं शेपूट सुरू होतं तिथला आतला कोपरा गोलाई देऊन घासावा लागतो. काटकोनात ठेवला की प्रत्येक घावाचा सगळा ताण त्या एका टोकावर येतो. त्यात हिला शेजारीच भोक पाडलेलं, म्हणजे जिथं मांस जास्त पाहिजे तिथंच कमी केलं. आणि शेपूट मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं नाही, मध्येच संपतं, जाहिरातीत मात्र फुल टँग, म्हणजे शेपूट मुठीच्या टोकापर्यंत, असं लिहिलं होतं! वरून पोलादाला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक करायचं, काम पण बिघडलेलं असणार. एवढ्या लांब पात्याच्या झोडपायच्या वस्तूला फार कडक करून चालत नाही, स्वयंपाकाच्या किंवा खिशातल्या चाकूपेक्षा ती नरम ठेवतात, धार लवकर गेली तरी चालेल पण दणका सोसला पाहिजे. कडक ठेवलं की धार टिकते, फोटो छान येतो, आणि एक दिवस काचेवाणी जातं.

हा दोष काही याच कंपनीचा नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात पोर्टलंडला जर्बर म्हणून चाकूवाली जुनी कंपनी आहे, १९३९पासूनची, तिने टीव्हीवरच्या बेअर ग्रिल्सच्या नावाने पॅरँग काढली होती, मलेशिया-इंडोनेशियाकडच्या कोयत्यासारखी, ती पण परत बोलवावी लागली होती आणि कारण तेच, पातं मुठीला मिळतं तिथं कमजोर. तिकडे ग्राहकांच्या वस्तूंच्या सुरक्षेसाठी १९७२पासून एक सरकारी आयोगच आहे, त्याच्यामार्फत नोटीस निघते, मॉडेल नंबर, धोका काय, करायचं काय, सगळं एका पानावर, साध्या भाषेत. तोडायच्या अवजाराच्या मानेबद्दल, म्हणजे पातं मुठीत शिरतं त्या भागाबद्दल, जे हजार वर्षांपासून लोहाराला माहीत आहे ते मोठमोठ्या ब्रँडला परत परत शिकावं लागतं हे एक, पण चुकलं तर जाहीर करतात हे दुसरं, आणि मला त्या दुसऱ्याची जास्त किंमत वाटते.

आता रिकॉल सर्व्हिसचा रिव्ह्यू, हाच खरा भाग.

कळलं कसं? भाच्याने सांगितलं. त्याने कंपनीच्या परदेशी साइटवर बघितलं, तिथं स्पष्ट लिहिलं होतं की अमुक बॅच वापरू नका, मुठीजवळ तडा जाण्याची शक्यता, पैसे परत किंवा बदली. आणि आपल्याकडच्या विक्रेत्याने काय केलं, तर नुसतं ते पान बंद केलं. सध्या उपलब्ध नाही. बस. ज्या ॲपवाल्याकडे माझा नंबर आहे, पत्ता आहे, मी कोणता साबण वापरतो ते पण माहीत आहे, सेल असला की पहाटे मेसेज टाकतो, त्याला हा एक मेसेज टाकायला जमलं नाही की भाऊ त्या पात्यापासून लांब राहा.

फोन लावला. पहिल्या पोरीने हिंदीत विचारलं, सर आपने प्रोडक्ट को पानी में तो नहीं डाला? मी म्हटलं ताई ही मशेटी आहे मोबाईल नाही. मग रिटर्नची मुदत संपलीय असं उत्तर. मी म्हटलं मी रिटर्न करत नाहीये, तुमच्या कंपनीने रिकॉल केलंय, तर तिच्या स्क्रीनवर रिकॉल नावाचा पर्यायच नव्हता. डॅमेज, रंग आवडला नाही, साइज बसला नाही, हे तीन पर्याय. ती बिचारी म्हणे साइज बसला नाही टाकू का! तिचा काही दोष नाही, तिला जे दिलंय ते ती वाचते.

मग जरा कायदा वाचला, आणि हा भाग कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितोय. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक ऑनलाइन विक्री प्लॅटफॉर्मला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव-संपर्क साइटवर असावं लागतं, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायची. ते पान साइटच्या अगदी तळाला, बारीक अक्षरात असतं, पण असतं. तिथं मेल टाकला, परदेशी नोटिशीचा फोटो, बॅच नंबरचा फोटो, खडूवरच्या रेघेचा फोटो. पोच आली. सूर पण बदलला. कस्टमर केअरला डोकं फोडण्यात जेवढा वेळ जातो त्यात दहा मेल लिहून होतात, तेव्हा पहिल्यापासून तिथंच जा.

तिथंही नाही झालं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग आहेच, ५ लाखापर्यंतच्या वस्तूसाठी फी लागत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूने इजा झाली तर बनवणारा आणि विकणारा दोघांवरही दावा लावायची सोय आहे, आणि धोकादायक माल परत बोलवायला लावायचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिलाय, कलम २०. हे नुसतं कागदावर नाही. २०२२ला ॲमेझॉनवरून विकल्या गेलेल्या मानांकन नसलेल्या २,२६५ प्रेशर कुकरबद्दल याच प्राधिकरणाने आदेश काढला होता, सगळ्या गिऱ्हाइकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या, आणि १ लाखाचा दंड वेगळा. म्हणजे गिऱ्हाइकाला शोधून कळवणं हे विकणाऱ्याचं काम आहे, त्याच्या मनाचा मोठेपणा नाही. कुकर काय आणि कोयता काय, फुटल्यावर दोन्ही अंगावरच येतात.

पुढची गंमत कुरिअरची. प्लॅटफॉर्मने परत न्यायला माणूस पाठवला, त्याने बॉक्स उघडून बघितला आणि हात जोडले, धारदार वस्तू आम्ही घेत नाही. मी म्हटलं आणून तर तुम्हीच दिली होती. तो म्हणाला आणणारा दुसरा होता. मग परत मेल, मग कंपनीकडून सूचना आली की पाठवू नका, पातं मधोमध कापून दोन तुकडे करा, बॅच नंबर दिसेल असा फोटो पाठवा, तुकडे स्वतःच्या जबाबदारीवर भंगारात द्या. हे मला पटलं. वस्तू खरंच नष्ट झाली पाहिजे, नाहीतर परत आलेला माल दुसऱ्या नावाने जुन्या बाजारात फिरतो आणि तिसऱ्याच्या हातात फुटतो.

कापायला आमच्या नेहमीच्या लोहारबाबाकडे गेलो, त्यांच्याकडे आता भाता पण आहे आणि लाइटवरचा ग्राइंडर पण. त्यांनी आधी चष्मा कपाळावर घेऊन मशेटी उलटसुलट फिरवली, अंगठ्याने मुठीजवळचा कोपरा चाचपला आणि अहिराणीत विचारलं, "कोनी दिन्हं येले पानी? येनी मान कच्ची शे, भाऊ." खडू नाही घासलेट नाही, नुसता अंगठा. मग त्यांचीच हौस म्हणून कापायच्या आधी मुठीजवळचा भाग ऐरणीच्या कडेला धरून एक हातोडा मारला आणि पातं तिथल्या तिथं तुटलं, वाकलं सुद्धा नाही. तुटलेल्या तोंडावर निम्मा भाग काळपट, म्हणजे जुना तडा, घासलेट आणि चीक आत गेलेला, आणि उरलेला ताजा भाग जाड रव्यासारखा दाणेदार चमकत होता. चांगल्या पोलादाचा दाणा इतका बारीक असतो की करडा मऊ दिसतो, जाड दाणा म्हणजे पाणी द्यायच्या आधी भट्टीत जास्त तापलेलं. बाबांनी तो तुकडा मला उन्हात धरून दाखवला आणि नंतर बराच वेळ स्वतःच बघत बसले.

आता लोक लगेच म्हणतील, मग सरळ लोहाराकडूनच घ्यायचं ना. घ्या, मीही घेतो, पण गावचं ते सगळं चांगलं हे मला मान्य नाही. बाबा कोयते करतात ते ट्रकच्या कमानपाट्याचे, आणि कमानपाटा भंगारात येतो तोच मुळी लाखो दणके खाऊन, कधी कधी आतून तडकलेला असतो आणि बाहेरून कळत नाही. त्यांच्याच हातचा एक कोयता शेजारच्या शेतात पात्याच्या मधून गेला होता. फरक कुठं पडला तर त्यांना आठवत होतं की त्या पाट्याचे अजून कोयते कोणाकोणाला दिलेत, आणि पुढच्या आठवडे बाजारात त्यांनी एकेकाला गाठून सांगितलं की तो घेऊन या, बदलून देतो. कोणी मेल टाकला नाही, कोणी बॅच नंबर विचारला नाही. आता हे त्यांना जमतं कारण गिऱ्हाईक पाच गावांतलं, लाखाने विकणाऱ्याला बाजारात उभं राहून सांगता येणार नाही हे मान्य. पण त्याच्याकडे तर यादी आहे, कॉम्प्युटर आहे, एक बटण दाबायचंय, बाबांच्या डोक्यातल्या यादीपेक्षा ते सोपंच असायला पाहिजे.

पैसे परत आले, पूर्ण आले, कापलेल्या तुकड्यांचा फोटो दिल्यावर आठवड्याभरात. मध्ये एकदा वॉलेटमध्ये टाकतो म्हणाले, तिथं ठाम नाही म्हणा, ज्या खात्यातून गेले तिथंच मागा, कारण वॉलेटमध्ये आले की परत त्यांच्याकडूनच काहीतरी घ्यावं लागतं. बदली वस्तूचा पर्याय मी घेतला नाही. नवीन बॅचला कोपरा गोल केलाय असं लिहिलंय, केला पण असेल, पण दोरीचं भोक तिथंच आहे, चित्रात दिसतंय, आणि शेपटाची लांबी पण तीच. अर्धी दुरुस्ती.

म्हणून मार्क असे. पातं १ स्टार, तो पण बाभळीसाठी. मूठ आणि म्यान ४, खरंच चांगलंय. कंपनीच्या रिकॉलला ३, नोटीस सरळ शब्दांत होती, लपवाछपवी केली नाही, पैसे दिले, पण इथल्या गिऱ्हाइकापर्यंत ती पोचवायची तसदी घेतली नाही म्हणून दोन कापले. विकणाऱ्या ॲपला शून्य देता येत नाही म्हणून १.

कोणी दुसरी एखादी मशेटी किंवा मोठा कोयता ऑनलाइन घेणार असाल तर फोटोत मुठीचे खिळे कुठवर आहेत बघा, शेवटचा खिळा मुठीच्या टोकाजवळ असेल तर पोलाद तिथवर गेल्याची शक्यता जास्त. मानेजवळ भोक, खाच, दात काही नको. पाठीवर करवत नको. कोटिंग शक्यतो नको, साधं लोखंड घ्या, गंज येईल तर तेल लावा, पण तडा निदान दिसेल. आणि केळीसाठी घेत असाल तर घेऊच नका.

माझ्या माहितीत चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात बऱ्याच जणांनी त्याच सेलमध्ये हीच घेतली होती, काहींनी तर सालदाराला आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) भेट म्हणून दिली. दिलेली असेल तर त्याला फोन करा, त्याच्याकडे ॲप नाही की मेल नाही, बिल तुमच्या नावावर आहे त्यामुळे पैसे पण तुम्हालाच मागावे लागतील आणि त्याला नेऊन द्यावे लागतील. बिल सापडत नसेल तर ॲपमध्ये जुन्या ऑर्डरमध्ये जाऊन डाउनलोड होतं, वस्तूचं पान बंद केलं असलं तरी बिल तिथंच राहतं, मी तसंच काढलं.